एका ‘य’चा फरक : वर्गातलं हसू आणि समाजाची चिकित्सा



जळगावहून धुळ्याला येताना एरंडोल, पारोळा मागे पडतं आणि प्रवासात विचार करायला भरपूर वेळ मिळतो. आज येताना आम्ही ठरवलं, की व्याख्यानाची सुरुवात आमच्या एका चुकीपासून करायची. विषय आहे उपहास, म्हणजे समाजावर टीका करणारं हसू, आणि ते विद्यार्थ्यांना शिकवायचं कसं. ज्यानं दुसऱ्याच्या हसण्याबद्दल बोलायचं त्यानं आधी स्वतःचं हसणं तपासून घ्यावं, हे बरं.

पुष्कळ वर्षं झाली. आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात आम्ही तत्त्वज्ञान शिकवत होतो. मराठीचे प्राध्यापक लांबच्या रजेवर गेले आणि विनोदी गद्याचे काही तास आमच्याकडे आले. आम्ही खूश होतो. तर्कशास्त्राच्या तासाला पेंगणारी पोरं या तासाला दारापर्यंत दाटीनं बसायची. राम गणेश गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या नावानं लिहिलेले ठकीच्या लग्नाचे लेख आम्ही वाचायला घेतले. तिंबूनानांची मुलगी ठकी, तिचं ते रूप, आणि तिच्यासाठी वर शोधायला निघालेली मंडळी. आम्ही हातवारे करून, आवाज काढून वाचलं. वर्ग अक्षरशः लोळत होता. आम्हाला वाटलं, शिकवणं यालाच म्हणतात.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलाशी आली. एरवी ती प्रमाण मराठीत बोलायची, पण त्या दिवशी अहिराणीत म्हणाली, “सर, हासानं कोनले?” म्हणजे हसायचं कोणाला? ठकीला, की तिला नाकारणाऱ्यांना?

आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ‘विनोद फार गंभीरपणे घ्यायचा नसतो’ असंच काहीतरी असेल. पुढे एका सहकाऱ्याकडून कळलं, की त्या वर्षी तिच्या घरी पाहुणे तिला बघायला येत होते आणि रंग सावळा म्हणून परत जात होते. आम्ही वर्गात ज्यावर हशा पिकवत होतो तेच तिच्या ओसरीवर चालू होतं. परीक्षा झाल्यावर ती गेली, पुन्हा भेट नाही. तिचा प्रश्न मात्र राहिला. त्यानंतर उपहास शिकवताना आम्ही सगळी मांडणी त्या प्रश्नाभोवतीच केली. आज तीच तुमच्यापुढे ठेवतो.

शब्दापासून सुरुवात

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत एक चूक नेहमी असते. ‘व्यंग्य’ लिहायचं तिथे ते ‘व्यंग’ लिहितात, शेवटचा ‘य’ खातात. बोलण्यात तो तसाही ऐकू येत नाही. पण हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘व्यंग’ म्हणजे वि-अंग, शरीरातली उणीव. ‘व्यंग्य’ हा व्यंजनेशी नातं सांगणारा शब्द आहे. जे उघड बोललेलं नाही पण सुचवलेलं आहे, ते व्यंग्य. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोक’ लिहिला आणि काव्याचा प्राण या सुचवलेल्या अर्थात असतो असं मांडलं. आता मराठीत आपण ‘व्यंगचित्र’ लिहितो आणि तेच रूढ आहे, त्याला आमची हरकत नाही. पण वर्गात हा फरक फार उपयोगी पडतो. माणसाच्या व्यंगावर हसणं सोपं आहे, ते चौथीच्या पोरालाही जमतं. व्यंग्य कळायला न बोललेलं ऐकावं लागतं. ठकी वाचताना आम्ही व्यंगावर वर्ग हसवला आणि व्यंग्य शिकवलं अशी स्वतःची समजूत करून घेतली. एका ‘य’ची चूक आमचीही होती.

धुळ्यातली बाडं आणि मूर्खांची यादी

धुळ्यात बोलतोय म्हणून समर्थांपासून निघू. शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ साली इथे सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं गावोगाव हिंडून गोळा केली. त्यातूनच समर्थ वाग्देवता मंदिर उभं राहिलं. त्या बाडांत जे ग्रंथ आहेत त्यांत दासबोध मुख्य. त्याच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास आहे मूर्खलक्षणांचा.

आम्ही तो वर्गात वाचायला द्यायचो. त्याची रचना पाहा. मूर्ख कोणाला म्हणावं याची ती लांबलचक यादी आहे. पहिल्या काही ओव्यांत पोरं एकमेकांना कोपरानं ढोसतात. हा अमुक, हा आपला तमुक. मग यादी वाढते तसं हसू पातळ होतं, कारण यादीत हळूहळू प्रत्येकाचा नंबर लागतो. आणि त्याच दशकाच्या दहाव्या समासात येतो पढतमूर्ख, म्हणजे शिकलेला मूर्ख. लोकांना सांगतो पण स्वतः तसा वागत नाही तो. तिथे वर्ग आमच्याकडे बघायचा. बघू दे. उपहासाची ही पहिली पायरी आहे. त्यात नाव घेतलेलं नसतं, जागा मोकळी सोडलेली असते, आणि त्या जागेवर कोण बसतो हे वाचणारा ठरवतो. शेजाऱ्याला बसवायला निघालेला माणूस पुष्कळदा स्वतःच बसून जातो.

समर्थांची मोजपट्टी मात्र उघड आहे. शहाणपण कशाला म्हणायचं हे तेच सांगतात. पुढच्या काळात ही मोजपट्टीच वादात सापडली आणि मराठी उपहास खऱ्या अर्थानं सामाजिक झाला.

विदूषकाची बदललेली बाजू

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. कथा साधी आहे. एक गरोदर कुणबी बाई आणि तिचा नवरा. जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो, मग शांती, मग ब्राह्मणभोजन, आणि घर कर्जात. शेवटी नवरा-बायको शिकायचं ठरवतात. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. ते स्वीकारलं गेलं नाही, हे त्यांनीच ‘गुलामगिरी’त नोंदवलं आहे. छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडलं.

विद्यार्थ्यांना आम्ही त्यातल्या विदूषकाकडे बघायला सांगायचो. संस्कृत नाटकातला विदूषक हा बहुधा खादाड ब्राह्मण, राजाचा मित्र. तो स्वतःवर हसू ओढून घेतो आणि राजाची मर्जी राखतो. जोतीरावांनी तेच पात्र उचललं आणि त्याची बाजू बदलली. इथला विदूषक जोशाच्या बोलण्यातला खरा अर्थ प्रेक्षकाला उलगडून सांगतो. जोशी ग्रहांचं बोलतो, विदूषक पैशाचं बोलतो. हत्यार जुनंच, मूठ दुसऱ्याच्या हातात. पुढे सत्यशोधक जलशांनी हेच केलं. गण, गौळण, सोंगाड्या ही तमाशाची सगळी सामग्री तशीच ठेवली आणि गौळणीतल्या खोडीच्या जागी भटशाही नि सावकारी आणली. आपल्या खानदेशात यात्रेतला तमाशा पाहत वाढलेल्या पोरांना हे दोन मिनिटांत कळतं. सोंगाड्या पाटलासमोर वाकून वाकून काय बोलतो आणि लोक कशाला हसतात, हे त्यांना आपण सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. नाटकात त्या कुणबी बाईच्या भोळेपणाचं चित्र आहे, पण फटका तिला बसत नाही. तिची फसवणूक दिसते, तिच्यामागे असलेलं अज्ञान दिसतं, आणि ते अज्ञान कोणाला सोयीचं आहे हेही दिसतं. उपहास करणारा भोळ्या माणसाला रंगमंचावर आणतो आणि तरी त्याला हास्यास्पद करत नाही, हे कौशल्य फार थोड्यांना साधतं.

बुलढाण्याचा आरसा

आता आपल्या शेजारच्या जिल्ह्यात जाऊ. जळगावच्या पूर्वेला बुलढाणा. तिथल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापलं. निमित्त होतं सुरतच्या विजयालक्ष्मी खटल्याचं. १८८१ सालची गोष्ट. तरुण विधवा, गुपचूप झालेलं मूल, त्याची हत्या, आणि कोर्टाकडून फाशीची शिक्षा. पुढे अपिलात शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून चर्चा सुरू झाली ती स्त्रियांच्या जातीचीच. बायका बिघडल्या, धीट झाल्या, वगैरे. ताराबाईंनी त्याला उत्तर दिलं.

ते पुस्तक संतापाचं आहे, पण नुसत्या संतापाचं नाही. त्याची युक्ती तर्कशास्त्राची आहे, म्हणून आम्हाला ते विशेष प्रिय. समोरच्यानं घातलेला नियम त्या नाकारत नाहीत. त्या म्हणतात, बरं, हाच नियम धरू, पण मग तो दोघांना लावू. स्त्रीवर जे जे दोष ठेवलेले आहेत ते एकेक उचलायचे आणि पुरुषाच्या अंगाला लावून बघायचे, की कोणाला जास्त नेमके बसतात. सावित्रीचं उदाहरण घ्या. पातिव्रत्याचा धडा म्हणून ही गोष्ट प्रत्येक घरात सांगितली जाते. ताराबाई विचारतात, की सावित्री नवऱ्याच्या प्राणासाठी यमाच्या दरबारापर्यंत गेली, तर बायकोच्या प्राणासाठी त्या वाटेवर चार पावलं तरी टाकलेला नवरा कोणी ऐकलाय का?

हा प्रश्न वर्गात वाचला, की आधी मुली हसतात, मग थोड्या वेळानं मुलं, आणि मग शांतता होते. ती शांतता महत्त्वाची आहे. ताराबाईंनी नवीन काहीच सांगितलेलं नसतं. सावित्रीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. फक्त आजवर ती एका बाजूनंच ऐकलेली असते. चांगला उपहास परकी मोजपट्टी आणत नाही. तो तुमच्याच घरातली मोजपट्टी काढतो आणि तुमच्याच भिंतीला लावतो. म्हणून त्याला ‘हे आम्हाला लागू नाही’ असं म्हणता येत नाही.

या पुस्तकाचं पुढे काय झालं? त्यावर टीका झाली. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्यापर्यंत आलेलं नाही. हेही पुस्तक विस्मरणात गेलं होतं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणलं. मधली नव्वदेक वर्षं आपण मराठी विनोदाचा इतिहास शिकवत होतो आणि त्यात हे नाव नव्हतं. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना ते विनोदी वाटलं नसावं. हसू कोणाच्या अंगावर येतं, त्यावर त्याला विनोद म्हणायचं की उद्धटपणा, हे ठरत असतं.

तेच हत्यार, दुसऱ्या हातात

इथे थांबलो तर विद्यार्थ्यांचा एक गैरसमज होतो. त्यांना वाटतं उपहास म्हणजे सुधारकांची मक्तेदारी. तसं अजिबात नाही. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं. दोनच वर्षांत, १८८६ साली, नारायण बापूजी कानिटकरांची ‘तरुणी-शिक्षण-नाटिका’ आली. मुली शिकल्या तर घराची कशी वाताहत होईल याचं ते हसवणारं भविष्य. लोकांनी ते मिटक्या मारत पाहिलं. गोपाळ गणेश आगरकर जिवंत असताना विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. तोही एक प्रयोगच होता, रस्त्यावरचा, आणि बघ्यांना हसवणारा.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला याचं सर्वांत जुनं उदाहरण विसरता येत नाही. इसवी सनापूर्वी ४२३ साली अथेन्समध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसनं ‘मेघ’ नावाची सुखात्मिका केली. त्यात सॉक्रेटिस टोपलीत बसून हवेत लोंबकळतो आणि पोरांना खोट्याचं खरं करायला शिकवतो. लोक पोट धरून हसले असतील. चोवीस वर्षांनी सॉक्रेटिसवर खटला भरला तेव्हा तो न्यायाधीशांना म्हणाला, की समोरच्या फिर्याद्यांपेक्षा मला जुन्या फिर्याद्यांची भीती वाटते, आणि त्यात त्यानं या नाटकाचा उल्लेख केला. हे प्लेटोनं लिहून ठेवलं आहे. नाटकानं सॉक्रेटिसला विष दिलं असं कोणी म्हणणार नाही. पण त्या न्यायाधीशांच्या डोक्यात टोपलीतला सॉक्रेटिस आधीच बसलेला होता.

मग या दोन उपहासांत फरक काय? कानिटकर गुणी लेखक होते, अ‍ॅरिस्टोफेनिस तर थोरच. फरक प्रतिभेचा नाही. ताराबाई ज्यांच्यावर बोलल्या त्यांच्याकडे वर्तमानपत्रं होती, शास्त्रं होती, कोर्टं होती. नाटिकेनं ज्यांना हसवलं त्या शाळेतल्या मुली उत्तर द्यायला उभ्या राहण्याइतक्या मोठ्याही नव्हत्या. एकाचा फटका वर जातो, दुसऱ्याचा खाली. भौतिकशास्त्रात खाली पडणारी वस्तू आपोआप वेग घेते. हसण्याचंही तसंच आहे. खालच्या माणसावर हसायला जोर लागत नाही.

बोलतोय कोण?

वर्गात सर्वांत जास्त घोटाळा कुठे होतो ते सांगतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ शिकवताना आमची पोरं आधी खूश व्हायची, कारण कोल्हटकर जळगावला वकिली करत असं कुठेतरी वाचलेलं असायचं. मग आम्हाला सांगावं लागायचं, की बाबांनो, ते जळगाव-जामोद, बुलढाण्याकडचं. आपलं जळगाव नव्हे. एवढ्यानं त्यांचा उत्साह निम्मा व्हायचा.

पण खरी अडचण पुढे. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या ही त्रयी जुन्या चालीरीतींच्या बाजूची. सण, व्रतं, शकुन यांचं समर्थन ते इतक्या निष्ठेनं करतात, की त्या समर्थनातच त्या रूढीचा पोकळपणा उघडा पडतो. लेखक स्वतः एक अक्षर विरुद्ध बोलत नाही. साहजिकच उत्तरपत्रिकेत वाक्य यायचं, ‘कोल्हटकर हे रूढीचे अभिमानी होते.’ सुरुवातीला आम्ही त्यावर लाल रेघ मारायचो. नंतर लक्षात आलं, की चूक विद्यार्थ्याची नाही. शाळेत त्याला सारखं शिकवलंय, की ‘लेखक म्हणतो’. पुस्तकात छापलेलं ते खरं, लिहिणारा जे बोलतो तेच त्याचं मत. बोलणारा आणि लिहिणारा वेगळे असू शकतात, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेलीच नाही.

यासाठी आम्ही जोनाथन स्विफ्टचं उदाहरण द्यायचो. १७२९ साली त्यानं आयर्लंडच्या दुष्काळी गरिबीवर एक पत्रक काढलं. त्यात एक शांत, हिशेबी गृहस्थ सुचवतो, की गरिबांची वर्षभराची मुलं श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत. खर्च किती, फायदा किती, सगळं व्यवस्थित. हे ऐकून वर्गात किळस यायची, मग एखादा हळूच म्हणायचा, “सर, तो खरंच सांगत नसेल.” कशावरून? तिथून खरा तास सुरू व्हायचा. तो गृहस्थ माणसांबद्दल ज्या भाषेत बोलतो ती भाषा कोणाची आहे? जनावरांचा बाजार करणाऱ्याची. आणि जमीनदार, सरकार गरिबांबद्दल बोलतात ती? तीच. स्विफ्टनं ती भाषा फक्त एक पाऊल पुढे नेली. आमच्या पोरांनी गुरांचा बाजार पाहिलेला असतो. दात बघणं, रुमालाखाली बोटं धरून भाव करणं त्यांना ठाऊक असतं. त्यांना स्विफ्ट समजायला इंग्रजीचा इतिहास लागत नाही.

पुन्हा ठकीकडे

एवढी तयारी झाल्यावर आम्ही पुन्हा ठकी वाचायला घ्यायचो. या वेळी हातवारे न करता. फळ्यावर चार प्रश्न लिहून.

बोलतोय कोण? बाळकराम, म्हणजे गडकरी नव्हेत. वर शोधणाऱ्या मंडळींपैकीच एक, आणि स्वतःच्या चातुर्यावर खूश.

मोजपट्टी कोणती? उघड मोजपट्टी ठकीच्या रूपाची आहे. पण दुसरी एक दडलेली आहे. लग्न ही लढाईवर निघावं तशी मोहीम कशी होते, मुलगी ही खपवायची वस्तू आणि वर हा शोधून आणायचा माल कसा होतो, ही ती मोजपट्टी. हे व्यंग्य.

फटका कोणाला बसतो? इथे प्रामाणिक राहावं लागतं. फटका दोघांना बसतो. लग्नाच्या बाजाराला बसतो आणि ठकीलाही बसतो. काही ठिकाणी पहिला फटका जोरकस आहे, काही ठिकाणी गडकऱ्यांच्या कल्पनेला इतका बहर येतो, की बाजार विसरला जातो आणि उरतो तो एका मुलीचा चेहरा.

आणि चौथा प्रश्न, त्या मुलीनं विचारलेला. हसताना आपण कुठे उभे आहोत? वर शोधणाऱ्यांच्या घोळक्यात, की ओसरीवर पोह्यांची बशी घेऊन?

असं वाचलं म्हणजे गडकरी लहान होतात असं आम्हाला मुळीच वाटत नाही. ते १९१९ साली गेले, वय चौतीसही पुरं नव्हतं. मराठी विनोदाला त्यांनी जे दिलं ते काढून घेता येत नाही. पण थोर लेखकाच्या वाक्यावर हसायचं थांबून ‘हे कोणाला लागलं’ असं विचारता आलं पाहिजे. ते विचारूनही उरलेलं हसू असेल ते खरं, आणि ते पुष्कळ उरतं.

अत्रे, बहिणाबाई आणि जोशी

विडंबनाबद्दल दोन शब्द. ‘केशवकुमार’ या नावानं अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहिली, १९२५ साली ती पुस्तकरूपानं आली. रविकिरण मंडळाच्या आणि तत्कालीन कवितेच्या लकबी त्यांनी अशा उचलल्या, की पुढच्या कवींना त्या वापरताना लाज वाटावी. कविसंमेलनांच्या, टोपणनावांच्या त्या दिवसांत हे औषध आवश्यक होतं. आपल्या जळगावलाच १९०७ साली पहिलं कविसंमेलन भरलं होतं आणि धरणगावचे ठोमरे तिथे ‘बालकवी’ झाले. सगळेच काही बालकवी नव्हते.

पण आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ज्या अत्र्यांनी नकली कवितेची टर उडवली त्यांनीच १९५२ साली आसोद्याच्या लेकीची, बहिणाबाई चौधरींची गाणी प्रस्तावना लिहून महाराष्ट्रापुढे आणली. खोटं काय हे नेमकं ओळखणाऱ्याला खरं समोर आलं की ओळखता येतं. उपहास हा निव्वळ मोडण्याचा धंदा नाही, हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण आमच्याकडे नाही.

आणि त्या गाण्यांत पाहा. त्यात एक जोशी येतो, हात बघायला. जोतीरावांच्या नाटकातला तोच जोशी, जवळजवळ शंभर वर्षांनी जळगावच्या एका विधवेच्या दारात. तिला लिहिता-वाचता येत नाही. ती त्याला परत पाठवते, भांडून नव्हे, आपलं दैव आपल्याला कळतं एवढंच सांगून. तिथे हसू नाही म्हटलं तरी चालेल. पण उपहासानं जे काम १८५५ साली सुरू केलं होतं, त्या कुणबी बाईला जे म्हणता आलं नव्हतं, ते इथे एका बाईनं आपल्या तोंडानं म्हटलंय. उपहासाचं काम संपलं, की त्याचा आवाज असा खाली येतो.

फिशपाँडची पेटी

शेवटी प्रत्यक्षातली गोष्ट. कॉलेजच्या गॅदरिंगला फिशपाँड असतात, आमच्या लहानपणी त्याला शेलापागोटे म्हणत. पेटीत चिठ्ठ्या टाकायच्या आणि स्टेजवरून वाचायच्या. जाडीवर, काळ्या रंगावर, तोतरेपणावर, आणि आमच्याकडे हमखास एखाद्याच्या अहिराणी बोलण्यावर. खानदेशातच खानदेशी बोलीवर हशा! पूर्वी प्राध्यापकांची समिती फक्त अचकटविचकट शब्द काढायची. बाकी सगळं ‘गंमत’ म्हणून जायचं. आम्हीही त्या समितीत होतो.

पुढे आम्ही ती पेटी वर्गात आणली. नावं झाकली आणि विद्यार्थ्यांनाच चिठ्ठ्या निवडायला लावल्या. चार प्रश्न फळ्यावर होतेच, एक नवीन घातला. ज्यावर हसताय ते त्या माणसाला बदलता येण्यासारखं आहे का? उंची बदलत नाही, आईनं दिलेली बोली बदलू नये. पण वशिला, उशीर, पोकळ भाषण, फुकटची ऐट बदलता येते. ढीग अर्ध्याहून कमी झाला. मग आम्ही म्हटलं, उरलेल्या जागी नवीन लिहा, पहिली चिठ्ठी स्वतःवर आणि दुसरी आपल्याहून मोठ्यावर. त्या वर्षी पहिल्यांदा प्राध्यापकांवर, कॉलेजच्या कारभारावर, गावातल्या पुढाऱ्यांवर धारदार चिठ्ठ्या आल्या. काही अहिराणीत होत्या आणि त्याच सर्वांत तिखट. बोली चेष्टेचा विषय होती ती चेष्टा करणारी झाली. आमच्यावरची एक चिठ्ठी पढतमूर्खाच्या समासातून थेट उचललेली होती. आम्ही ती स्वतः वाचून दाखवली. वाचताना घसा कोरडा पडला होता, हे कबूल करायला हवं.

स्वतःपासून सुरुवात करायची ही रीतही आपल्या मातीतलीच. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याच्या कॉलेजात जातो आणि वसतिगृह, मेस, प्राध्यापक, पुढारीपण या सगळ्यांची पिसं काढतो. पण त्याच्या हसण्यातून तो स्वतः सुटत नाही, म्हणून त्याच्या टीकेवर विश्वास बसतो. आणि पलीकडे मालेगावात यंत्रमागावर राबणारी माणसं मोठमोठ्या सिनेमांची आपल्या बोलीत, आपल्या गल्ल्यांत विडंबनं करत आली आहेत. ‘मालेगाव के शोले’चं नाव तुम्ही ऐकलं असेल. आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, रोज शंभर विनोद येतात आणि आपण न वाचता पुढे ढकलतो. त्यातला फटका वर जाणारा कोणता आणि खाली पडणारा कोणता, हे ओळखायला अंगठ्याला अर्धा मिनिट थांबवावं लागतं. शिक्षकानं शिकवायचं ते एवढं थांबणं.

ती मुलगी आज असेल तर तिची नातवंडं शाळेत जात असतील. तिच्या प्रश्नाला त्या दिवशी द्यायला हवं होतं ते उत्तर असं : “बाई, मला नीट माहीत नाही. उद्याच्या तासाला पुन्हा वाचू, आणि या वेळी तू वाच.” आम्ही ते म्हणालो नाही. तुमच्यात कोणी शिक्षक असतील आणि अशी एखादी मुलगी टेबलाशी आली, तर तुम्ही म्हणा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. अहिराणीत विचारलेत तरी चालतील.